कर्नाळ्याचे निसर्ग माहिती केंद्र आणि आसपासच्या घळी : मुलाबाळांसह जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांचे लहान-मोठे गट घेऊन कर्नाळ्याच्या जंगलात जाताना पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही प्रश्न कर्नाळ्यापुरते आहेत, तर काही कोकणातल्या कोणत्याही ओढ्याला, नाळेला आणि घळीला लागू पडतील असे आहेत.

कर्नाळा नेमके कोठे आहे आणि तेथे कसे पोहोचावे?

कर्नाळा पक्षी अभयारण्य रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात आहे आणि मुंबई-गोवा महामार्ग या जंगलातूनच जातो. पनवेल शहरापासून प्रवेशद्वार सुमारे १२ किलोमीटरवर आहे. रेल्वेने पनवेलपर्यंत यावे आणि तेथून पेण किंवा अलिबागच्या बाजूला जाणारी एसटी धरावी. वाहकाला आधीच सांगून ठेवले म्हणजे प्रवेशद्वाराशी उतरता येते. मात्र उतरल्यावर मुलांचे हात घट्ट धरावेत, कारण समोर धावतो आहे तो भरधाव महामार्ग आहे, जंगलातली पायवाट नव्हे. खरे सांगायचे तर या सहलीतला सर्वांत धोक्याचा क्षण बहुधा हाच असतो आणि त्याविषयी मात्र कोणीच विचारत नाही.

वाटेवर शिरढोण हे गाव लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली याच गावात झाला. परतताना हाताशी वेळ असेल तर तेथे थांबावे.

केंद्रात असे काय आहे? मुले सरळ जंगलात गेली तर काय बिघडले?

बिघडत काही नाही, पण पुढचे अर्धे जंगल मुलांच्या नजरेतून निसटते. कर्नाळ्याला १९६८ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुरुवातीला साडेचार चौरस किलोमीटरचे असलेले हे क्षेत्र २००३ मध्ये वाढवून सुमारे १२ चौरस किलोमीटर करण्यात आले. एवढ्याशा जंगलात दोनशेच्या आसपास जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. पण ते सगळे आपल्यासाठी फांदीवर रांग लावून बसलेले नसतात. केंद्रातल्या चित्रांपुढे आणि फलकांपुढे पंधरा-वीस मिनिटे घालवलेल्या मुलाला बाहेर पडल्यावर ‘टुक्‌-टुक्‌-टुक्‌’ असा एकसुरी आवाज ऐकू आला की तो तांबट पक्ष्याचा आहे, हे कळते. तांबटाने भांडे ठोकावे तसा तो आवाज येतो, म्हणून पक्ष्याचेही नाव तेच पडले. एवढी ओळख पटली की मूल स्वतःहून पुढचा आवाज शोधू लागते.

माझी पद्धत अशी आहे की प्रत्येक मुलाने केंद्रात फक्त तीन पक्षी निवडावेत, त्यांचा रंग, चोच आणि शेपूट नीट पाहून घ्यावी आणि दिवसभर तेवढेच तीन शोधावेत. त्यात हरियाल असावा, कारण तो महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे आणि येथल्या एका वाटेला त्याचेच नाव दिलेले आहे. पिवळ्या पायांचे हे हिरवे कबूतर वडा-पिंपळाच्या फळांवर येते आणि पानांत इतके मिसळून जाते की मोठ्या माणसांपेक्षा मुलांनाच ते आधी दिसते.

कोणत्या वयाच्या मुलांनी कोणती वाट घ्यावी?

हरियाल निसर्गवाट सुमारे एक किलोमीटरची आहे आणि चार-पाच वर्षांच्या मुलांनाही ती सहज जमते. मोरटाका निसर्गवाट सुमारे चार किलोमीटरची आहे; सात-आठ वर्षांच्या पुढची, रोज थोडेफार चालणारी मुले ती पूर्ण करतात. अंतरावरून वेळेचा हिशेब मात्र मांडू नये. मुलांबरोबर एका किलोमीटरला दीड तास लागला, तर ती सहल चांगली झाली असे समजावे.

गेल्या हिवाळ्यात सहा वर्षांची एक मुलगी हरियाल वाटेवर एका जागी जी बसली, ती वीस मिनिटे उठली नाही. तिच्यासमोरच्या फांदीवर तांबड्या मुंग्या, ज्यांना कोकणात कोणी ओंबील तर कोणी हुमले म्हणतात, घरटे बांधत होत्या. काही मुंग्या दोन पानांच्या कडा पायांनी आणि जबड्यांनी धरून जवळ ओढत होत्या, आणि बाकीच्या आपल्याच अळ्या तोंडात धरून या कडेवरून त्या कडेवर फिरवत होत्या. अळीच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने पाने शिवली जात होती. तिच्या वडिलांना पुढे जाण्याची घाई झाली होती. त्यांना मी थांबवले, याचे मला अजूनही समाधान वाटते.

घळ म्हणजे नेमके काय? कर्नाळ्यात घळी आहेत का?

‘घळ’ म्हटले की पुष्कळांना महाडजवळची शिवथरघळ आणि समर्थ रामदास आठवतात. पण ती धबधब्याच्या अंगाला असलेली कपार आहे, गुहाच म्हणा. डोंगर-वाटांच्या बोलीत घळ म्हणजे पाण्याने कापून काढलेली अरुंद, उंच भिंतींची फट. नाळ म्हणजे घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारी, दगडगोट्यांनी भरलेली उभी वाट, आणि खिंड म्हणजे दोन डोंगरांमधला खालचा, ओलांडण्याजोगा भाग. हे शब्द एकमेकांत मिसळले की वाट सांगणारा एक सांगतो आणि ऐकणारा दुसरीकडेच जातो.

सह्याद्री आणि त्याच्या पायथ्याचे हे डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या लाव्हाच्या थरांनी बनले आहेत. थंड होताना या काळ्या बेसॉल्टला उभ्या भेगा पडल्या आणि पाण्याने पुढे त्याच भेगा पकडल्या. वाहत येणारे गोटे तळाला भोवऱ्यात फिरत राहतात आणि खडकात गोल रांजणखळगे कोरतात. कर्नाळ्याच्या उतारांवर पाण्याने खोदलेले असे ओढे आहेत, पण दोन्ही बाजूंना शंभर-दोनशे फुटांच्या भिंती आणि मधून चिंचोळी वाट, असे दृश्य पाहायचे तर मुख्य सह्याद्रीच्या कड्याशीच जावे लागते. मुलांना घळ कशी तयार होते हे समजण्यासाठी मात्र कर्नाळ्याचा कोरडा ओढा पुरेसा आहे. हिवाळ्यात त्याच्या पात्रात उभे राहून, गुळगुळीत खडकावर हात फिरवून, पाणी कोणत्या उंचीपर्यंत आले होते हे झुडपांत अडकलेल्या काटक्यांवरून मुलांना शोधायला सांगावे.

मग मुलांना थेट सांदण दरीतच का नेऊ नये?

सांदण दरी घाटमाथ्यावर, अकोले तालुक्यातील साम्रद गावाजवळ आहे आणि तिचे तोंड कोकणाकडे उघडते. खाली शहापूर तालुक्यातील डेहणे गावाकडे उतरायचे तर मध्ये दोर लावून कडे उतरावे लागतात. हे काम साधनांनिशी जाणाऱ्या अनुभवी माणसांचे आहे. वरच्या तोंडाकडून आत जाऊन परत येणे मोठ्या मुलांना कोरड्या दिवसांत जमते, परंतु तेथेही गार पाण्याची डबकी पार करावी लागतात आणि पुढे पायाखाली सगळे मोठमोठे धोंडे असतात. दहा वर्षांखालच्या मुलांना तेथे नेण्याचा आग्रह मी कधीच धरत नाही, आणि कोणी धरला तर त्यात मुलांच्या आनंदापेक्षा पालकांच्या छायाचित्रांचा भाग जास्त असतो असे माझे स्पष्ट मत आहे.

पावसाळ्यात ओढ्यात किंवा घळीत उतरावे का?

उतरू नये. या एका उत्तरात सूट नाही, म्हणून कारणही सविस्तर देतो.

कोकणात साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मोसमी पाऊस येतो आणि रायगड जिल्ह्यात चार महिन्यांत सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघडा काळा कातळ पाणी फारसे मुरवत नाही. पडले तेवढे पाणी उतारावरून तसेच खाली येते. घळीत ते पसरायला जागा नसते, म्हणून ते उंचीने वाढते. आपण उभे आहोत तेथे ऊन पडलेले असते आणि डोंगराच्या माथ्यावर ढग फुटलेला असतो. तो पाऊस आपल्याला दिसत नाही, त्याचे पाणी मात्र आपल्याकडेच येते.

सप्टेंबरच्या अखेरीस, पाऊस संपला असे सगळे म्हणत असताना, आम्ही अशाच एका ओढ्याच्या काठी डबे उघडले होते. पाणी घोटाभर आणि तळ दिसेल इतके स्वच्छ होते. आधी त्यात वाळकी पाने येऊ लागली, मग पाण्याचा रंग चहासारखा झाला. आमच्याबरोबरच्या ठाकर वाडीतल्या मामांनी ‘उठा, डबे राहू द्या’ एवढेच म्हटले आणि सर्वांना काठावरून वर चढवले. पंधरा मिनिटांत ज्या दगडांवर पाय देऊन आम्ही ओढा ओलांडला होता ते दगड दिसेनासे झाले. दोन डबे वाहून गेले, त्याविषयी कोणी तक्रार केली नाही.

ध्यानात ठेवण्याच्या खुणा त्याच आहेत: पाणी गढूळ होणे, पाने आणि काटक्या वाहत येणे आणि वरच्या अंगाने घरघर ऐकू येणे. यांपैकी एक जरी खूण दिसली तरी ओढ्याच्या दिशेने खाली धावू नये, जवळच्या काठावरून उंच चढावे. पाणी वाढलेले असेल तर ते ओसरेपर्यंत थांबावे, दोर धरून किंवा हातांची साखळी करून मुलांना पलीकडे नेण्याचा प्रयत्न करू नये. देवकुंड धबधब्यासारख्या ठिकाणी पावसाळ्यात प्रशासन बंदीचे आदेश काढते, ते याच अनुभवांतून काढले जातात.

तर मग जाण्यास सर्वांत चांगला काळ कोणता?

ओढ्यांच्या पात्रात फिरायचे असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. पक्ष्यांसाठी मी फेब्रुवारी-मार्च निवडीन, कारण त्या दिवसांत काटेसावर, पळस आणि पांगारा फुलतात. एका फुललेल्या सावरीखाली अर्धा तास शांत बसले, तर मैलभर चालूनही दिसणार नाहीत इतके पक्षी मध खायला येताना दिसतात. ऑक्टोबरचे ऊन फसवे असते. पाऊस नुकताच संपलेला असल्याने दमट हवेत मुले लवकर थकतात. एप्रिल-मेमध्ये जायचेच असेल तर प्रवेशद्वार उघडताच आत शिरावे आणि साडेदहापर्यंत परतावे.

पावसाळ्यात जाऊच नये, असे म्हणायचे आहे का?

तसे नाही. ओढा टाळून हरियाल वाटेवर पावसात हिंडणे हा वेगळाच आनंद आहे. शीळकरी कस्तुर याच दिवसांत माणसाने शीळ घालावी तसा गातो, आणि मुले हमखास मागे वळून ‘कोण शीळ घालतंय?’ असे विचारतात. याच काळात तिबोटी खंड्या येतो. चिमणीहूनही लहान असलेला हा जांभळ्या-नारिंगी रंगांचा पक्षी ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ खोदून घरटे करतो आणि पिलांना पाली, बेडकुळ्या, खेकडे भरवतो.

येथे एक तक्रार नोंदवल्याशिवाय राहवत नाही. या पक्ष्याच्या छायाचित्रासाठी काही हौशी मंडळी घरट्यासमोर तासन्‌तास ठाण मांडून बसतात आणि मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावतात. पक्षी तोंडात पाल धरून समोरच्या फांदीवर थांबून राहतो आणि बिळात शिरत नाही. आत पिले उपाशी असतात. पक्षी असा घुटमळताना दिसला तर आपण त्याच्या वाटेत उभे आहोत हे मुलांना सांगावे आणि सर्वांनी मागे सरावे.

कर्नाळा किल्ला मुलांना झेपेल का?

नियमित चालणाऱ्या दहा वर्षांपुढच्या मुलांना झेपतो. किल्ल्याची उंची समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे आणि मोठ्या माणसाला चढायला दीड-दोन तास लागतात. वरचा सव्वाशे फुटांचा सुळका लांबून अंगठ्यासारखा दिसतो. त्याच्या पायथ्याशी खडकात कोरलेली टाकी आणि कोठारे आहेत. बोरघाटातून पनवेल आणि चौल या बंदरांकडे जाणाऱ्या वाटांवर येथून नजर ठेवता येत असे. शिवाजी महाराजांनी घेतलेला हा किल्ला १६६५ च्या पुरंदरच्या तहात द्यावा लागला आणि १६७० मध्ये पुन्हा स्वराज्यात आला.

सुळक्यावर आग्या मोहोळांची पोळी असतात, आणि किल्ल्यावरचा खरा धोका तोच आहे. अत्तर लावून जाऊ नये, धूर करू नये, दगड मारू नयेत, मोठ्याने हाका मारू नयेत. मुलांना आपल्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकण्याचा मोह होतोच, म्हणून हे खालीच समजावून सांगावे. माश्या उठल्याच तर हात झाडू नयेत, तोंड आणि डोके कापडाने झाकून त्या जागेपासून दूर निघावे आणि घाईत कड्याच्या बाजूला जाऊ नये.

साप आणि विंचू यांची भीती बाळगावी का?

भीती नको, शिस्त हवी. वाट सोडू नये, दगड उलटवू नयेत, कपारीत हात घालू नये आणि बसण्यापूर्वी जागा पाहावी. कोकणात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप आहेत. दंश झाला तर जखम कापणे, चोखणे किंवा घट्ट बांधणे यांपैकी काहीही करू नये. मुलाला धीर द्यावा, दंशाचा हात किंवा पाय हलू देऊ नये, १०८ वर रुग्णवाहिका मागवावी आणि प्रतिविष मिळेल अशा सरकारी रुग्णालयात न्यावे. कर्नाळ्याहून पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे.

विंचवाविषयी एक गोष्ट कोकणातल्या प्रत्येक पालकाला ठाऊक असावी. लाल विंचवाचे विष हृदयावर परिणाम करते आणि लहान मुलांसाठी ते जिवावरचे असू शकते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे औषध यावर गुणकारी ठरते हे दाखवून दिले आणि या दंशाने होणारे मृत्यू त्यानंतर पुष्कळ कमी झाले. म्हणून मंत्र-तंत्रात आणि झाडपाल्यात वेळ घालवू नये.

खाणे-पिणे आणि माकडे यांचे काय करावे?

डबा घरचा असावा आणि तो बसूनच खावा. हातात बिस्किटाचा पुडा घेऊन चालणारे मूल माकडांना लांबूनच ओळखू येते. माकडाने पिशवी धरली तर ओढाताण करू नये, सोडून द्यावी. कौतुकाने खायला घालणे तर मुळीच नको, कारण उद्याचे मूल त्याचीच किंमत मोजते. पाणी माणशी दीड-दोन लिटर घ्यावे. त्याशिवाय कोकमाच्या आगळाची लहान बाटली जवळ असली की मीठ-साखर घालून सरबत तेथल्या तेथे होते.

कपडे आणि पादत्राणे कशी असावीत?

पूर्ण बाह्यांचे, मातकट किंवा हिरवट रंगाचे सुती कपडे आणि तळव्याला खाचा असलेले बूट. शेवाळलेल्या कातळावर चपला चालत नाहीत.

आजी-आजोबांना बरोबर न्यावे का? बाबागाडी चालेल का?

प्रवेशद्वाराजवळचा भाग आणि केंद्र यांत आजी-आजोबा निवांत रमतात. वाटेवर मुळे, दगड आणि चढ आहेत, त्यामुळे बाबागाडी उपयोगाची नाही. तान्हे मूल झोळीत किंवा पाठीवरच्या आसनात घ्यावे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र अधिक सोयीचे पडेल. तेथे कांदळवनातून लाकडी पायवाट आहे आणि हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी उतरतात. कर्नाळ्यात निम्म्या मंडळींनी चढायचे आणि निम्म्यांनी खाली गाडीत वाट पाहत बसायचे, यापेक्षा सगळ्यांनी मिळून ऐरोलीला जाणे बरे.

मुलांनी पिसे, बिया, दगड गोळा केले तर चालते का?

अभयारण्यातून काहीही बाहेर नेता येत नाही. गळून पडलेले मोरपीसही तेथेच ठेवायचे असते. मुले यावर हिरमुसतात, म्हणून मी त्यांना कोरी वही आणि पेन्सिल देतो. ऐनाच्या झाडाच्या, मगरीच्या पाठीसारख्या दिसणाऱ्या सालीवर कागद धरून पेन्सिल घासली की तिचा ठसा उमटतो, आणि तो घरी नेण्यास कोणाचीही हरकत नसते.

स्थानिक वाटाड्या घ्यावा का?

किल्ल्यासाठी आणि मोठ्या वाटेसाठी जरूर घ्यावा. ठाकर आणि कातकरी वाड्यांतल्या माणसांची या जंगलाशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे. मोबदला आधी ठरवावा आणि ठरलेला पूर्ण द्यावा. घासाघीस मुलांदेखत तर करूच नये. वाट चुकली, वणवा दिसला किंवा जखमी प्राणी आढळला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. घळीत आणि दाट झाडीत मोबाइलला रेंज नेहमी मिळत नाही, त्यामुळे परतण्याची वेळ घरी सांगूनच निघावे.

एक दिवस पुरतो का?

कर्नाळ्यासाठी पुरतो. जंगलाजवळ रात्र काढायची असेल तर मुरूड तालुक्यातील फणसाड अभयारण्य पाहावे. पूर्वी जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे शिकारीचे राखीव रान असलेले हे जंगल १९८६ मध्ये अभयारण्य झाले आणि सुपेगाव येथे त्याचे प्रवेशद्वार आहे. तेथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात, आणि उन्हाळ्यात सगळे रान या गाणांभोवती गोळा होते. शेकरू पाहण्यासाठी कर्नाळ्यापेक्षा तेथे जाणे अधिक चांगले.

आत जाताना प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून पैसे का घेतले जातात?

ती अनामत रक्कम असते. जितक्या प्लॅस्टिकच्या वस्तू आत नेल्या तितक्या परत आणून दाखवल्या की रक्कम परत मिळते. घरूनच स्टीलच्या बाटल्या नेल्या तर हा प्रश्नच येत नाही. नेल्या नसतील तर मोजणीचे काम आणि पावती गटातल्या सर्वांत लहान मुलाकडे सोपवावी; एकही बाटली मागे राहात नाही, उलट एक-दोन दुसऱ्यांच्या जास्तीच्याच परत येतात.